आष्टी ते किनवट : एका रेघेच्या मागे पाच दिवस

भाचीच्या खोलीत भिंतीवर जगाचा हवामानाचा नकाशा लावलाय. ती एम.ए. भूगोल करतीय आणि सोबत स्पर्धा परीक्षा. डिसेंबरात बहिणीकडे जेवायला गेलो तेव्हा सहज विचारलं की यात आपण कुठंय, तर तिनं बोट ठेवलं आणि बघतो तर मराठवाडा अर्धा केशरी, अर्धा निळा. केशरी म्हणजे अर्धकोरडा, निळा म्हणजे उष्ण कटिबंधातला पावसाळी-उन्हाळी. मधून एक रेघ. मी म्हणलं ही रेघ नेमकी कुठून जाते, कोणत्या गावातून? ती म्हणली, "मामा, ते पुस्तकात नाही देत."

बस, तिथून सुरू झालं. २४ जानेवारी चौथा शनिवार म्हणजे आमच्या बँकेला सुट्टी, २५ रविवार, २६ ला झेंडावंदन, पुढंमागं एकेक रजा टाकली की पाच दिवस. दाजी (भाचीचे वडील) म्हणले गाडी माझी, डिझेल तुझं. ठरलं असं की मराठवाड्याच्या सगळ्यात कमी पावसाच्या कोपऱ्यात, म्हणजे आष्टीला जायचं आणि तिथून पूर्वेला निघून सगळ्यात जास्त पावसाच्या किनवटला पोचायचं, आणि मधी ती रेघ कुठं लागती ते बघायचं. बायको म्हणली लोक गोव्याला जातात.

दिवस पहिला, शुक्रवार : संभाजीनगर – बीड – आष्टी

सकाळी सातला निघायचं होतं, साडेनऊला निघालो, त्याचं कारण दाजी. अडूळ, गेवराई, बीड करत मांजरसुंब्याला आलो. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आता रस्ता चांगला झालाय.

भाचीनं अडीचशे रुपयाचा लाकडी पट्टीवाला थर्मामीटर घेतला होता. तो तिनं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि पाटोद्याच्या आसपास ओरडली, "मामा, त्रेचाळीस!" जानेवारीत त्रेचाळीस. दाजी लगेच, "बघ, हे तुमचं ग्लोबल वॉर्मिंग." मग गाडी थांबवून तोच थर्मामीटर रस्त्याकडंच्या लिंबाच्या फांदीला टांगला, चहा घेतला, दहा मिनिटांनी बघितलं तर २७. दोन्ही आकडे एकाच जागेचे. फरक एवढाच की एकदा आपण काचेतून आलेल्या उन्हानं तापलेलं प्लास्टिक मोजलं आणि एकदा हवा मोजली. पेपरात जे तापमान येतं ते सगळ्या जगात सावलीतल्या हवेचं असतं. एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीत कळाली हे इथं कबूल करतो.

पाटोद्यापासूनच झाडं बदलायला लागतात. बाभूळ, हिवर, बोर, पडीक जमिनीवर पिवळ्या फुलांचा तरवड. सह्याद्रीनं ढगातलं पाणी घाटमाथ्यावरच पिळून घेतलेलं असतं, पलीकडं जे उतरतं ते कोरडं वारं, त्यामुळं हा भाग पर्जन्यछायेचा. मराठवाड्याचा पावसाळ्यातला सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आष्टीकडं वर्षाचा धरला तरी तो सहाशेच्या आतबाहेरच.

आष्टीजवळ दाजींच्या चुलत्यांचं शेत. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, दात तीन, आवाज मात्र खणखणीत. हुरड्याचा बेत होता. सप्टेंबरात पाणी तुंबल्यामुळं ज्वारी उशिरा पेरली म्हणून हुरडाही उशिरा आलाय, नाहीतर आत्तापर्यंत संपतो. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात. दाजी बोलायचे बंद झाले ते तासभर.

तर त्या आगटीच्या उजेडात भाचीनं मला तो हिशोब घालून दाखवला ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

हे रंग पाडणारा माणूस व्लादिमीर कोपेन. १८४६ ला सेंट पीटर्सबर्गला जन्मला, जर्मन घरातला, पुढं जर्मनीत हॅम्बुर्गला नोकरी. त्याचं लहानपण क्रिमियात गेलं आणि शिकायला पीटर्सबर्गला जावं लागायचं, म्हणजे दक्षिणेच्या उबदार समुद्रकिनाऱ्यावरून पार थंड उत्तरेला, आणि तेव्हाच्या प्रवासात दिवसचे दिवस खिडकीबाहेर झाडं बदलताना दिसायची. त्याच्या डोक्यात बसलं की झाड हेच हवामान मोजायचं यंत्र आहे. १८८४ ला त्यानं पहिला नकाशा केला, मरेपर्यंत दुरुस्त करत राहिला, नंतर गायगर नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञानं अजून नीट केला. (खंड सरकतात असं सांगणारा वेगेनर ह्याचा जावई. सासरे-जावई जेवताना काय बोलत असतील.)

पाच अक्षरं. ए म्हणजे बारा महिने उष्ण, अगदी थंड महिन्याची सरासरीसुद्धा १८ अंशाच्या खाली जात नाही. सिंगापूर, ॲमेझॉन, आपलं कोकण. बी कोरडा; जैसलमेर, सहारा, आणि थंडीतला वाळवंट म्हणजे लेह. सी मध्यम, ह्यात लंडनही येतं आणि रोमही, पण रोमला पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा, आपल्या उलटं. डी म्हणजे कडक हिवाळ्याचा, मॉस्को, सायबेरिया. ई बर्फाळ. ह्यातल्या चार अक्षरांना तापमानाची अट आहे. एकट्या बीला पावसाची.

आणि ती अट अशी. वर्षाच्या सरासरी तापमानाला २० नं गुणा, आणि तुमच्याकडं सत्तर टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत, म्हणजे आपल्या इथं एप्रिल ते सप्टेंबर, पडत असेल तर त्यात २८० मिळवा. आपली सरासरी २६ धरली तर ५२० अधिक २८०, झाले ८००. तुमचा पाऊस ८०० च्या खाली तर तुम्ही कोरडे, ४०० च्याही खाली तर सरळ वाळवंट. आष्टी सहाशे, म्हणजे अर्धकोरडं.

आता खरी गंमत. लंडनला वर्षाला पाऊस किती? सहाशेच. म्हणजे आष्टीएवढाच! मी हसलोच. पण तिथं तापमानाची सरासरी अकराएक, पाऊस बारा महिने भुरभुरता म्हणून मिळवायचे १४०, उंबरठा झाला ३६०. त्यामुळं सहाशेत लंडन हिरवंगार आणि सहाशेत आष्टीत टँकर. पाऊस किती पडला एवढ्यावर भागत नाही, त्यातला सूर्य किती पितो ते बघावं लागतं.

अण्णा इतका वेळ गप ऐकत होते. म्हणले, "मग ऊन वाढलं तर पाऊस तेवढाच असून बी दुष्काळ वाढल की." भाची माझ्याकडं बघायला लागली. कारण तो पुढचा मुद्दा होता आणि तो तिला उद्या सांगायचा होता.

दिवस दुसरा, शनिवार : आष्टी – बीड – माजलगाव – मानवत – परभणी

सकाळी अण्णांनी एक पिशवी काढली. त्यात जुन्या डायऱ्या, विमा कंपनीच्या, खताच्या दुकानाच्या, एक तर लग्नातल्या आहेराची वही. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला गेले होते, त्याच्या पुढच्या वर्षापासून पावसाची नोंद. पण मिलिमीटर नाही. "मृग कोरडा. आर्द्रात दोन ओलं. हत्ती बरसला, विहीर पाच परस." परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची, विहिरीचं पाणी तसंच मोजतात. कुठं "बोरीला मोहर उशिरा", कुठं "टोळ", आणि एका पानावर नुसतंच "बैल विकला."

भाची अर्धा तास हलली नाही. ती म्हणली शास्त्रज्ञ हेच शोधत फिरतात. थर्मामीटर आणि पर्जन्यमापकाची पद्धतशीर नोंद सगळ्या जगात फार तर दीड-पावणेदोनशे वर्षांची, आपलं हवामान खातं १८७५ चं, त्याच्या मागचं बघायचं तर मग जहाजांची लॉगबुकं, देवळाच्या वह्या, जपानात चेरीला फुलं कधी आली त्याच्या बाराशे वर्षांच्या नोंदी, असलं काहीबाही. त्याला म्हणायचं अप्रत्यक्ष पुरावा. अण्णा म्हणले, "आमच्यात अप्रत्यक्ष काय नाही. विहीर समोर हाय."

सप्टेंबर २०२५ चं पान मी स्वतः वाचलं. उत्तरा नक्षत्र. पेनानं लिहिलंय, अक्षर वाकडं झालंय : "पाणी गोठ्यात. मोजायचं सोडलं." त्या महिन्यात सीना, सिंदफणा, मांजरा सगळ्या नद्या एकदम अंगावर आल्या होत्या, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत माणसं छपरावर बसली होती. मी भाचीला विचारलं, मग आष्टीचं अक्षर बदललं का आता? नाही. अक्षर एका वर्षानं बदलत नाही, तीस वर्षांची सरासरी घ्यायची असा नियम आहे. एक वर्ष म्हणजे नुसतं हवामानाचं वागणं, तीस वर्षं म्हणजे स्वभाव. हे वाक्य माझं नाही, तिच्या सरांचं.

पण तिची एक चिडचिड खरी वाटली. सरासरीत पाऊस कसा पडला ते दिसतच नाही. चार महिन्यांत शांतपणे सहाशे पडला काय किंवा चार दिवसांत निम्मा कोसळून बाकी कोरडं गेलं काय, कोपेनच्या गणितात दोन्ही सारखेच. आपल्याकडं शेतकऱ्याला सगळा फरक तिथंच पडतो. अण्णांचं म्हणणं अजून वेगळं, २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी धरतात, पण मोजायचं यंत्र महसूल मंडळात एकच, आणि ते लांब. त्यांच्या रानात झोडपलं त्या दिवशी यंत्रावर निम्मा होता.

निघालो अकराला. बीड, तिथून माजलगाव. धरण भरलेलं, आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कोपेनसाहेब इथं आले असते तर झाडं बघून पार फसले असते! अर्धकोरड्या पट्ट्यात बारा महिने पाणी पिणारं पीक, कारण कालवा. पुढं पाथरीकडं जायकवाडीचा डावा कालवा, तिथं पण तेच. आम्ही मग कालव्यापासून लांबची, कोरडवाहू रानं बघायची ठरवली. तूर काढून झालेली, कापसाच्या शेवटच्या वेचण्या, ज्वारी मात्र आष्टीपेक्षा उंच. बांधावर पळस दिसायला लागला, अजून फुलं नव्हती. जमीनही काळीभोर होत जाती आणि ह्या जमिनीत पाऊस धरून ठेवायची ताकद आहे, पण ती गणितात कुठंच नाही.

आमच्या हिशोबानं ८०० ची रेघ माजलगाव, पाथरी, मानवत ह्याच पट्ट्यात कुठंतरी पडायला पाहिजे, कारण बीडला पाऊस त्याच्या खाली आणि परभणीला वर. नवीन नकाशे एकेक किलोमीटरच्या बारकाईचे निघालेत, २०१८ चा एक भाचीच्या मोबाईलवर होता, पण दुसऱ्या नकाशात रेघ दुसरीकडून जाते, कारण कुणी कोणत्या तीस वर्षांचे आकडे घेतले त्यावर ती ठरती. शेवटी मानवतच्या अलीकडं एका चहाच्या टपरीसमोर दाजींनी चपलेनं मातीत रेघ मारली आणि जाहीर केलं की हीच. टपरीवाला बाहेर आला. "काय मोजायलाव? रस्ता रुंद होणारे का?" त्याला वाटलं टपरी जाती. मी समजवायला गेलो की हवामानाची हद्द आहे, इकडं कोरडं, तिकडं ओलं. तो म्हणला, "मग बोर तिकडं घ्यायला पायजे होता मी." चहाचे पैसे घेतले मात्र पूर्ण.

तिथं बसून भाचीनं कालचा राहिलेला मुद्दा मांडला. तापमान एक अंशानं वाढलं तर उंबरठा २० मिलिमीटरनं वर जातो, पाऊस एक थेंबही कमी न होता. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंशानं वाढलंय, हे सरकारच्याच २०२० च्या अहवालात आहे. म्हणजे उंबरठा १४ मिलिमीटर वर. आता आष्टी ते किनवट सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर, आणि पाऊस सहाशेवरून हजारावर जातो, म्हणजे किलोमीटरला सव्वा मिलिमीटर. १४ भागिले सव्वा. अकरा-बारा किलोमीटर. तेवढी रेघ पूर्वेला सरकली असणार, नुसत्या उष्णतेनं.

हा कच्चा हिशोब आहे, पाऊस काही असा पायरी-पायरीनं वाढत नाही आणि मधल्या काळात तोही बदललाच असणार, कुणी ह्यावरून माझ्याशी वाद घालू नये. पण मी आजोबांच्या काळातली रेघ म्हणून पश्चिमेला बारा किलोमीटर मागं बघितलं आणि जरा कसंतरीच झालं.

रात्री परभणी. लॉजवाला म्हणला होता गरम पाणी चोवीस तास, होतं ते सकाळी सहा ते साडेसहा. थंडी अशी की तिघांनी वाकळी अंगावर घेऊन गप्पा मारल्या. जगात जर्मनी, भारतात परभणी हे लहानपणापासून ऐकत आलो, पण कोपेनचा नकाशा घेऊन परभणीत झोपल्यावर त्या म्हणीला पहिल्यांदा अर्थ आला.

दाजींचं जुनं म्हणणं असं की हवामान पहिल्यापासून बदलतंच, सूर्यच जास्त तापत असेल, माणसाचा काय संबंध. भाची बापाशी भांडत नाही, तिनं वाकळ धरली. म्हणली, "पप्पा, वाकळ जाड केली तर आत गरम होतं, आणि वाकळीच्या बाहेरच्या बाजूला?" "गारच." "सूर्य जास्त तापला असता तर खालची हवा आणि पार वरची हवा दोन्ही तापल्या असत्या. फुगे आणि उपग्रह वर पाठवून मोजलं तर खालची तापतीय आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या वरची गार होतीय. म्हणजे वाकळ जाड झालीय." मनाबे नावाच्या शास्त्रज्ञानं १९६७ लाच कॉम्प्युटरवर हे काढलं होतं, मोजमाप नंतर आलं, २०२१ ला त्याला नोबेल मिळालं. वाकळीचा दोरा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर कीलिंगनं १९५८ ला मोजायला घेतला तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग, आता ४२० च्या वर. आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे फोडून मागची आठ लाख वर्षं बघितली तर तो तीनशेच्या वर गेलेला दिसतच नाही.

दाजी थोडा वेळ गप. मग, "बर्फात बुडबुडे कुणी मोजले?" आणि मग झोपले.

दिवस तिसरा, रविवार : परभणी – लोणार – हिंगोली

हा दिवस मला सगळ्यात आवडला. परभणीला १९७२ सालचं कृषी विद्यापीठ आहे, पेपरात हिवाळ्यात परभणीचा पारा म्हणून जो आकडा येतो तो बऱ्याचदा तिथलाच. ओळखीच्या ओळखीनं वेधशाळेचं आवार बघायला मिळालं. सकाळी साडेआठची वेळ. रविवार असला तरी रीडिंग चुकत नाही, साडेआठ म्हणजे साडेआठ, कारण त्याच क्षणी जगभरची केंद्रं मोजत असतात.

तारेच्या कुंपणात हिरवळीचा तुकडा. पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंना झडपा, दार उत्तरेला म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. आत चार थर्मामीटर, एकाच्या फुग्याला ओलं मलमलचं फडकं. भाचीनं आमचा अडीचशेचा थर्मामीटर गुपचूप शेजारी धरला. दोन अंशानं पुढं होता. त्या दिवसापासून आमच्या प्रवासाच्या सगळ्या आकड्यांतून दोन वजा.

मग काचेचा गोळा. नारळाएवढा, भरीव, आणि मागं पुठ्ठ्याची पट्टी. सूर्य जसा सरकतो तसा भिंगासारखा तो गोळा पुठ्ठ्यावर एक बारीक रेघ जाळत जातो. आदल्या दिवशीची पट्टी आम्हाला बघायला मिळाली, करपलेली तपकिरी रेघ, दुपारी एका ठिकाणी तुटलेली. तिथं ढग आला होता. आदल्या दुपारी मानवतजवळ आम्ही चहा पीत होतो तेव्हा वर जरा अंधारलं होतं ते मला आठवलं. तोच ढग असेल असं नाही, पण मी मनातल्या मनात धरलं की तोच.

बाजूला बाष्पीभवनाचं पात्र. जाळी टाकलेली गोल टाकी, १२२ सेंटिमीटर व्यासाची, वीतभर खोल. रोज सकाळी पाणी किती उडालं ते मोजून परत खुणेपर्यंत भरायचं. मे महिन्यात दिवसाला दहा-बारा मिलिमीटर उडतं म्हणे. आपण पडणाऱ्या पावसाचं एवढं बोलतो आणि उडणाऱ्या पाण्याचं कुणी नावच काढत नाही, ते इथं कुणीतरी रोज मापानं भरतंय. मी त्या टाकीपाशी बराच वेळ उभा होतो, दाजी गाडीत हॉर्न वाजवत होते.

जिंतूरवरून लोणारला गेलो. लोणार विदर्भात, बुलढाण्यात, मान्य, पण आमच्या वेशीवरच. उल्का पडून झालेलं, पावणेदोन-एक किलोमीटर रुंदीचं विवर, खाली खारं सरोवर. २०२० ला पाणी गुलाबी झालं होतं, तो खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. पण भाचीला इथला गाळ बघायचा होता. दरवर्षी थोडा गाळ बसतो, थरावर थर, आणि बाहेर जाणारी नदी नाही त्यामुळं सगळं तिथंच साठतं. शास्त्रज्ञांनी तळातून दहाएक मीटरचा उभा नमुना नळीत काढला. त्यात गेलुसाइट नावाचे खनिजाचे खडे सापडतात, जे पाणी आटून घट्ट झालं तरच तयार होतात. म्हणजे खडे दिसले की तेव्हा दुष्काळ. परागकण दिसले की तेव्हा कोणती झाडं होती ते. त्यावरून साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि परत २००० ते ६०० वर्षांपूर्वी लांबलचक कोरडे काळ निघालेत.

सहाशे वर्षांपूर्वी म्हणल्यावर माझ्या डोक्यात दुर्गादेवीचा दुष्काळ आला, १३९६ पासून बारा वर्षं चालला असं सांगतात. हा जोड मी लावतोय, शास्त्रज्ञांनी नाही. दाजी काठावरून खाली बघत म्हणले, "म्हणजे तेव्हा गाड्या नव्हत्या तरी दुष्काळ." बरोबर आहे. भाची म्हणली म्हणूनच तर बघतात, आपोआप किती बदलतं ते माहीत असलं तरच आपण किती बदलवलं ते कळतं. हिंगोलीला पोचायला नऊ वाजले. रस्त्यात पंक्चर, जॅक डिकीत नव्हता, तो घरी पाण्याच्या टाकीखाली लावलाय हे दाजींना तेव्हा आठवलं.

दिवस चौथा, २६ जानेवारी : हिंगोली – वारंगा फाटा – किनवट

रस्त्यानं सगळीकडं शाळेची पोरं, झेंडे, जिलेबी. कळमनुरीकडं हळदीची रानं, पानं वाळत आलेली. वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ली, ती ह्या भागात प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीला जागती. हदगाव, हिमायतनगर, आणि मग इस्लापूरजवळ सहस्रकुंड, पैनगंगेचा धबधबा, जानेवारीतही बऱ्यापैकी पाणी, पण सुट्टीची गर्दी एवढी की पाण्यापेक्षा सेल्फी काठ्याच जास्त.

तिथून पुढं मात्र एकदम चित्र पालटलं. डोंगर जवळ आले, रस्त्याला वळणं, आणि दोन्ही बाजूला साग. मोठी पानं वाळून खाली पडायला लागलेली, गाडी गेली की कुरकुर आवाज. मोह, पळस, तेंदू. आष्टीची बाभूळ कुठं आणि हे कुठं. पाऊस हजारच्या वर गेला की साग असा माजतो. कोपेनचा पोरवयातला प्रवास असाच असणार, फक्त त्याला बर्फ लागला आणि आम्हाला खिचडी. भाचीनं खिडकी खाली घेतली ती किनवट येईपर्यंत वर केलीच नाही.

दिवस पाचवा, मंगळवार : किनवट आणि परत

किनवटमध्ये सकाळी एका सुताराच्या अंगणात सागाचा ओंडका आडवा पडलेला, टोक नुकतंच करवतीनं घासलेलं. साग दरवर्षी एक कडं धरतो, पाऊस बरा तर रुंद, तुटवडा पडला तर अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या लोकांनी केरळातल्या आणि मध्य भारतातल्या सागाच्या कड्यांवरून जुन्या मॉन्सूनचा अंदाज काढलाय. भाची मांडी घालून बसली, टाचणीनं एकेक कडं मोजत. सुताराला झाड कधी तोडलं ते माहीत होतं, त्यामुळं सालीकडून मागं मागं साल लावता आलं. सत्ताविसाव्या कड्याला सुताराच्या नातवानं टाचणी पळवली, परत पहिल्यापासून. एक कडं इतकं बारीक होतं की नखाच्या टोकाएवढंही नाही.

मी अण्णांना फोन लावला, स्पीकरवर. साल सांगितलं, म्हणलं डायरी बघा. पिशवीचा आवाज, खोकला, पानं. "ह्या साली विहीर चार परस. मृग येळेवर. बरं साल गेलं."

भाचीचं तोंड उतरलं. आमच्या सागानं दुष्काळ सांगितला आणि अण्णांच्या विहिरीनं सुकाळ. अण्णा म्हणले, "माझ्या विहिरीचं त्या झाडाला काय? सव्वातीनशे किलोमीटर. त्याला कीड लागली असल." आणि ते खरंच आहे, ती मला नंतर गाडीत सांगत होती की म्हणूनच एका झाडावर कुणी विश्वास ठेवत नाही, एका जंगलातली पंधरा-वीस झाडं घेतात, कड्यांची ठेवण एकमेकांशी जुळवतात, आणि मगच साल पक्कं धरतात. कुणी सांगावं, मोजताना तिचंच एखादं कडं चुकलं असेल.

फोन ठेवायच्या आधी अण्णांनी विचारलं, "ते पाऊस मोजायचं भांडं कितीला येतं?"

परतीचं काही लिहीत नाही. नांदेड, परभणी, जालना, रात्री साडेअकराला घर. भाचीनं गाडीतच ऑर्डर टाकली, पांढरा फायबरचा पर्जन्यमापक, दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचा, सोबत मोजायची नळी. दाजी पुढच्या महिन्यात नेऊन देणार आहेत. काल तिनं अण्णांना फोनवर सगळं समजावून सांगितलं, एक मिलिमीटर म्हणजे वीस मिलिलिटर पाणी, रोज सकाळी साडेआठलाच मोजायचं, अडीच मिलिमीटरच्या खाली असला तर तो पावसाचा दिवस धरायचा नाही पण लिहायचा मात्र, झाडापासून लांब लावायचा, गोठ्यापासून लांब लावायचा, आणि वर कोंबड्या बसू द्यायच्या नाहीत, हे तिनं दोनदा सांगितलं. अण्णा म्हणले लिहितो, पण विहीर पण लिहिणार.

मानवतची टपरी परतीच्या वाटेवर लागली नाही. ती चपलेची रेघ आत्तापर्यंत पुसली असणार.